‘लॅप्स’ झालेले राज्य

रजा ‘लॅप्स’ झाली, असे कारकून कामगाराला सांगतो, तेव्हा ती केली कोणी, हे आम्ही आधी विचारतो. या इंग्रजी क्रियापदात कर्ता दडतो; मुदत संपली, हक्क आपोआप गेला, एवढाच अर्थ उरतो. श्रोतेहो, साताऱ्याचे राज्य याच शब्दाने गेले. ५ एप्रिल १८४८ रोजी शहाजीराजे वारले. मरणापूर्वी त्यांनी दत्तक घेतला होता. गव्हर्नर जनरल डलहौसीने तो मानला नाही, आणि कागदोपत्री राज्य आपणहून ‘लॅप्स’ झाले! आपली माणसे मात्र ‘इंग्रजांनी राज्य खालसा केले’ असेच म्हणत आली. सांगलीचे धुंडिराजराव पटवर्धन १९०१ मध्ये वारस न ठेवता वारले. तेव्हा सरकारनेच वारस निवडून १९०३ मध्ये गादीवर बसविला. मध्ये १८५७ साल होऊन गेले होते.