'सार्वजनिक' म्हणजे कोणाचं? ओहायोतल्या गोल्फ मैदानांचा इतिहास

तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाकडून गोल्फवर व्याख्यान ऐकायची वेळ येईल, असं आपल्यापैकी कोणाला वाटलं नसेल. मलाही वाटलं नव्हतं. मी गोल्फ खेळत नाही. चेंडू एवढासा आणि मैदान एवढं मोठं, हे प्रमाणच मला कधी पटलेलं नाही. पण 'सार्वजनिक' या संकल्पनेवर आपण बोलत आलो आहोत, आणि अमेरिकेतल्या ओहायो राज्यातून ही मालिका ऐकणाऱ्या काही मंडळींनी एक साधा प्रश्न विचारला. आमच्याकडे गावोगावी 'पब्लिक गोल्फ कोर्स' अशा पाट्या दिसतात, तर त्यातली जाऊन पाहावीत अशी मैदानं कोणती? प्रश्न सहलीचा होता. मी उत्तर शोधायला बसलो आणि इतिहासात अडकलो. तेव्हा आज सहलही होईल आणि थोडा न्यायशास्त्राचा वर्गही होईल.

आधी व्यवहार समजून घेऊ. अमेरिकेत साधारण तीन प्रकारची गोल्फ मैदानं असतात. पहिलं खाजगी क्लबाचं, म्हणजे सभासदांचं आणि त्यांच्या पाहुण्यांचं. दुसरं नगरपालिकेचं, काउंटीचं किंवा राज्याच्या उद्यानखात्याचं. ओहायोत सॉल्ट फोर्क, मॉमी बे, ह्यूस्टन वुड्स या राज्य उद्यानांत अशी मैदानं आहेत. तिसरा प्रकार आपल्याला अपरिचित आहे. मालकी खाजगी, पण सभासदत्वाची अट नाही. दिवसाचे पैसे भरा आणि खेळा. आज अमेरिकेतली सुमारे तीन-चतुर्थांश मैदानं दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारात मोडतात. अठरा होलच्या एका मैदानाला शे-दीडशे एकर जमीन सहज लागते. एवढी जमीन थोड्या लोकांसाठी राखून ठेवायची की सगळ्यांसाठी, हा प्रश्न त्यामुळे नुसत्या खेळापुरता राहत नाही.

आता लक्षणाकडे वळू. 'सरकारी मालकीचं ते सार्वजनिक' अशी व्याख्या आपण नकळत गृहीत धरतो. न्यायशास्त्रात व्याख्येचे तीन दोष सांगितले आहेत. लक्ष्यातला काही भाग बाहेर राहिला तर अव्याप्ती, लक्ष्याबाहेरचं आत शिरलं तर अतिव्याप्ती, आणि लक्षण लक्ष्यात कुठेच सापडलं नाही तर असंभव. तिसरा दोष इथे लागत नाही, पण पहिले दोन लागतात. आणि दोन्हींची उदाहरणं ओहायोतच आहेत, मोटारीने एका दिवसात पाहून होतील एवढ्या अंतरावर.

अव्याप्तीपासून सुरुवात करू. राज्याच्या ईशान्य भागात कँटन नावाचं शहर आहे. त्याच्या शेजारी, ईस्ट कँटनला, 'क्लिअरव्ह्यू गोल्फ क्लब' आहे. नावात क्लब आहे, जमीन एका कुटुंबाची आहे, सरकारचा संबंध नाही. आपल्या व्याख्येनुसार हे मैदान सार्वजनिकांत बसत नाही.

ते बांधलं विल्यम पॉवेल यांनी. जन्म 1916, अलाबामात. वाढले ओहायोतल्या मिनर्व्हा गावी. कृष्णवर्णीय मुलगा. लहानपणी कॅडी म्हणून काम केलं, म्हणजे दुसऱ्यांच्या काठ्यांची पिशवी वाहिली, आणि वाहता वाहता खेळ शिकले. पुढे ओहायोतल्याच विल्बरफोर्स या कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठाकडून गोल्फ खेळले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यातून इंग्लंडला गेले. तिथल्या मैदानांवर त्यांना खेळायला मिळालं, हे लक्षात ठेवा. परत आले तर गावाकडच्या मैदानांवर त्यांना कोणी उभं करेना. ज्या देशासाठी लढले तिथे बंदी, आणि परदेशात मुभा.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. ओहायो हे दक्षिणेतलं राज्य नव्हे. खाणावळी, नाटकगृहं, करमणुकीची सार्वजनिक ठिकाणं यांत वर्णावरून भेद करू नये, असा कायदा ओहायोत 1884 सालीच झाला होता. म्हणजे पॉवेल युद्धावरून परतले तेव्हा कायदा साठी ओलांडून गेला होता. कागदावर सार्वजनिक आणि काठावर मज्जाव, हे चित्र महाडच्या तळ्याचा इतिहास वाचलेल्या माणसाला वेगळं समजावून सांगायला नको.

पॉवेल यांनी ठरवलं की आपलंच मैदान बांधायचं. परतलेल्या सैनिकांना सरकारी हमीचं कर्ज मिळावं म्हणून 1944 चा कायदा होता. पॉवेल यांना बँकेने कर्ज नाकारलं. तेव्हा दोन कृष्णवर्णीय डॉक्टरांनी भागीदारी दिली, भावाने पैसे उभे केले, आणि 1946 साली 78 एकरांचं दुभत्या जनावरांचं एक जुनं शेत विकत घेतलं. पॉवेल टिमकेन कंपनीत पहारेकऱ्याची नोकरी करत होते. नोकरी सांभाळून उरलेल्या वेळात कुंपणाचे खांब उपटायचे, दगड वेचायचे, हाताने गवताचं बी पेरायचं. पत्नी मार्सेला बरोबरीने राबत होत्या. 1948 साली नऊ होल खुले झाले. पुढचे नऊ व्हायला 1978 उजाडलं. मधली तीस वर्षं मैदान अर्धंच होतं, पण पहिल्या दिवसापासून ज्याला यायचं त्याने यावं, गोऱ्यानेही यावं, असा रिवाज होता.

या तारखांच्या शेजारी दुसऱ्या काही तारखा ठेवून पाहू. व्यावसायिक गोल्फपटूंच्या संघटनेने, पीजीएने, 1934 साली आपल्या घटनेत सभासदत्व फक्त गौरवर्णीयांना, असं कलम घातलं. ते निघालं 1961 साली. अटलांटा शहराच्या मालकीच्या गोल्फ मैदानावर कृष्णवर्णीयांना बंदी घालता येणार नाही, असं देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने 1955 साली सांगितलं. म्हणजे शहराच्या मालकीचं मैदान सार्वजनिक नव्हतं, ते न्यायालयाला करावं लागलं. आणि त्याआधी सात वर्षं एका पहारेकऱ्याचं खाजगी शेत सार्वजनिक होऊन बसलं होतं.

क्लिअरव्ह्यूची नोंद 2001 साली राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या यादीत झाली. पॉवेल यांची कन्या रेनी याच मैदानावर तिसऱ्या वर्षापासून खेळत मोठ्या झाल्या. 1967 साली त्या महिलांच्या व्यावसायिक दौऱ्यात उतरल्या. अल्थिया गिब्सन यांच्यानंतरच्या त्या दुसऱ्या कृष्णवर्णीय स्त्री. पुढे त्या मैदान सांभाळायला परत आल्या. सैन्यातून निवृत्त झालेल्या स्त्रियांसाठी तिथे 2011 पासून विनामूल्य गोल्फ शिकवलं जातं. वडिलांना 2009 साली पीजीएने आपला मोठा सन्मान दिला, तीच पीजीए. आणि त्या वर्षाच्या शेवटच्या दिवशी, 93 व्या वर्षी, ते वारले.

इथून उत्तरेला क्लीव्हलंडकडे गेलात तर ब्रेक्सव्हिल इथलं 'स्लीपी हॉलो' वाटेत येतं. याचा मामला नेमका उलटा. जमीन क्लीव्हलंडच्या उद्यानमंडळाची. मैदानाचा आराखडा कॅनडाच्या स्टॅनली थॉम्पसन यांचा, 1920 च्या दशकातला. पण कित्येक वर्षं ते भाडेपट्ट्याने खाजगी क्लबाकडे होतं, 1960 च्या दशकात सर्वांसाठी खुलं झालं. आणि 1975 ते 1988 तिथे मुख्य गोल्फशिक्षक कोण होतं? चार्ली सिफर्ड. पीजीएचं ते कलम ज्यांच्या झगड्यामुळे निघालं, ते. 1967 ला हार्टफर्ड आणि 1969 ला लॉस एंजेलिसची स्पर्धा जिंकलेले सिफर्ड उतारवयात ओहायोतल्या एका उद्यानात येईल त्याला चेंडू मारायला शिकवत होते. 2014 साली राष्ट्राध्यक्ष ओबामांनी त्यांना स्वातंत्र्यपदक दिलं. मला विचाराल तर त्या पदकाइतकीच ही तेरा वर्षं मोलाची आहेत.

बंद दारं काही फक्त वर्णाची नसतात, हे जाता जाता सांगतो. पैशासाठी खेळणाऱ्या खेळाडूंना एके काळी क्लबच्या इमारतीत पाऊल ठेवू देत नसत. बूट बाहेरच बदलायचे. टोलेडोच्या इन्व्हर्नेस क्लबाने 1920 च्या यू. एस. ओपन स्पर्धेत त्यांना आत घेतलं, आणि खेळाडूंनी वर्गणी काढून क्लबाला एक उंच घड्याळ भेट दिलं. क्लब आजही खाजगी आहे, त्यामुळे सहलीच्या यादीत तो येत नाही.

आता अतिव्याप्ती, म्हणजे सरकारी असून सार्वजनिक नसणं. यासाठी राजधानी कोलंबसच्या पूर्वेला नेवार्क गावी जायचं.

तिथे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी तिथल्या आदिवासींनी मातीचे प्रचंड बांध घालून भूमितीच्या आकृती उभारल्या. आज आपण त्या संस्कृतीला होपवेल म्हणतो. हे नाव नंतरच्या एका शेतमालकाचं, त्यांचं स्वतःचं नव्हे. एक अष्टकोन आहे, सुमारे 50 एकरांचा, आणि त्याला जोडलेलं 20 एकरांचं जवळजवळ निर्दोष वर्तुळ. लोखंड नाही, चाक नाही. टोपल्यांनी माती वाहून हे केलं. अर्लहॅम कॉलेजच्या दोन प्राध्यापकांनी 1982 साली दाखवून दिलं की या आकृतीचा अक्ष चंद्र उत्तरेला ज्या टोकाला उगवतो त्या बिंदूकडे रोखलेला आहे. चंद्र त्या टोकाला 18.6 वर्षांतून एकदा पोचतो. म्हणजे बांधणाऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या आकाश पाहून नोंद ठेवली असणार. त्या दोघांपैकी रे हाइव्हली भौतिकीचे आणि रॉबर्ट हॉर्न तत्त्वज्ञानाचे. आमच्या विषयाचा माणूस कधी तरी शेतात उभा राहून मोजमापं घेतो, हे मुद्दाम सांगावंसं वाटतं.

1892 साली तिथल्या काउंटीच्या मतदारांनी स्वतःवर कर बसवून ही जागा विकत घ्यायला मान्यता दिली. राज्याच्या सैन्यदलाची छावणी काही वर्षं तिथे होती. ती उठल्यावर 1910 साली जागा एका गोल्फ क्लबाला भाड्याने दिली. क्लबाचं नाव काय, तर 'माउंडबिल्डर्स', म्हणजे टेकाडं बांधणारे! ज्यांनी खरोखर बांधली त्यांच्यापैकी कोणाला सभासद करून घेण्याचा प्रश्न नव्हता. ओहायोतल्या शॉनी आणि इतर जमातींना 1830-40 च्या दशकांतच मिसिसिपीपलीकडे हाकलून दिलं होतं. 1933 पासून मालकी राज्याच्या इतिहास संस्थेकडे होती. म्हणजे जनतेच्या पैशाने घेतलेली, जनतेसाठी जपायची जागा. पण शंभरावर वर्षं प्राचीन बांधांवरून सभासदांचे चेंडू उडत राहिले, आणि इतरांनी वाहनतळाजवळच्या एका मचाणावरून पाहायचं. सगळं आवार फिरायला मोकळं असे ते वर्षातले मोजके दिवस. भाडेपट्टा 2078 पर्यंत होता.

क्लबाची बाजूही ऐकली पाहिजे. नेवार्कच्या मूळ रचनेचा बराच भाग शहराने गिळला. घरं झाली, रस्ते झाले. अष्टकोन वाचला, कारण तिथे आधी छावणी आणि मग हिरवळ होती. नांगर फिरला नाही. हे खरं आहे. पण राखण केली म्हणून राखणदाराने घर आपलं म्हणावं, हे मला मान्य नाही.

इतिहास संस्थेने नुकसानभरपाई देऊन पट्टा संपवायचं ठरवलं. प्रकरण ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, आणि डिसेंबर 2022 मध्ये सहा विरुद्ध एक मतांनी निकाल संस्थेच्या बाजूने लागला. सप्टेंबर 2023 मध्ये युनेस्कोने ओहायोतल्या अशा आठ जागांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. तेव्हाही अष्टकोनावर गोल्फ चालूच होता. 2024 मध्ये तडजोड झाली, आणि 1 जानेवारी 2025 पासून जागा सर्वांना खुली झाली.

आता माझ्या युक्तिवादातली अडचण मांडतो, कारण प्रश्नोत्तरांत कोणी तरी ती काढणारच. मालकी गौण आणि दार महत्त्वाचं, असं मी सुचवत आलो. पण मग नेवार्कचं दार उघडलं कशामुळे? मालकी संस्थेकडे होती म्हणूनच ती न्यायालयात जाऊ शकली. आणि क्लिअरव्ह्यू उद्या विकलं गेलं तर? राष्ट्रीय यादीतली नोंद खाजगी मालकाला बांधून ठेवत नाही. तो तिथे घरं बांधू शकतो. पॉवेल कुटुंबाचा चांगुलपणा आहे तोवर ते सार्वजनिक आहे. 

आपल्या परंपरेत देवदत्ताच्या घराचं उदाहरण देतात. देवदत्ताचं घर कोणतं? ज्याच्यावर तो कावळा बसलाय ते. कावळ्यामुळे घर ओळखू येतं, पण कावळा म्हणजे घर नव्हे. तो उडून गेला तरी घर तिथेच असतं. सरकारी मालकीची पाटी ही मला त्या कावळ्यासारखी वाटते, एवढाच फरक की हा कावळा संकटात ओरडतो, आणि ते ओरडणं न्यायालयात ऐकू जातं. दार उघडं असणं हे सार्वजनिकतेचं स्वरूप. मालकी हे ते दार बंद झाल्यावर ठोठावायचं साधन. दोन्हींची गल्लत केली की माउंडबिल्डर्स सार्वजनिक ठरतो आणि क्लिअरव्ह्यू खाजगी.

तर ओहायोकर मंडळी, क्लिअरव्ह्यूला जा. खेळता येत नसेल तरी जा, पण हिवाळा टाळून. स्लीपी हॉलोचे चढउतार दमवणारे आहेत असं खेळणारे सांगतात. नेवार्कला गोल्फच्या काठ्या नेऊ नका. अष्टकोनापासून थोड्याच अंतरावर 'ग्रेट सर्कल' नावाचं दुसरं मोठं वर्तुळ आहे, तेही बघा. चंद्र उत्तरेच्या टोकाला 2024-25 च्या सुमारास येऊन गेला. पुन्हा येईल तो 2043 च्या आसपास. माझं काही जमायचं नाही, पण ऐकणाऱ्यांत तरुण मंडळी आहेत, त्यांनी तारीख लिहून ठेवावी. आता प्रश्न घेऊ या.