कर्णावर्त

कर्णावर्त (कॉक्लिया) : अंतर्कर्णातील ध्वनिग्राही अवयव. कवटीच्या शंखास्थीत दडलेली ही पोकळी गोगलगायीच्या शंखासारखी वेटोळी असते. माणसात तिला सुमारे अडीच ते पावणेतीन वेढे असतात आणि ती उलगडली तर लांबी जेमतेम ३५ मिमी. भरते. शेजारच्या अर्धवर्तुळाकार नलिका शरीराचा तोल सांभाळतात. ऐकण्याशी त्यांचा संबंध नाही.

हवेतला ध्वनी द्रवात सहजी शिरत नाही, बहुतेक परावर्तित होतो. म्हणून मध्यकर्णातील हातोडी, ऐरण व रिकीब ही हाडे कर्णपटलावरचा दाब त्याहून सुमारे १७ पट लहान क्षेत्रावर एकवटतात आणि रिकिबीचा तळ अंडाकृती गवाक्षातून आतल्या द्रवाला हेलकावे देतो. या हेलकाव्यांनी कर्णावर्ताच्या लांबीभर पसरलेले आधारपटल हलते. ते बुडाशी अरुंद व ताठ, तर शेंड्याशी रुंद व सैल असते. त्यामुळे २०,००० हर्ट्‌झच्या आसपासचे तीव्र स्वर बुडाशीच ओळखले जातात आणि खर्जातले शेंड्याकडे. पेटीच्या मधल्या सप्तकातील काळी एक (सुमारे २७७ हर्ट्‌झ) शेंड्यापासून साधारण एकपंचमांश अंतरावर सर्वाधिक कंपन घडवते.

आधारपटलावर कॉर्टी यांचे इंद्रिय बसलेले असते. आल्फोन्सो कॉर्टी या इटालियन शरीररचनाशास्त्रज्ञाने १८५१ मध्ये त्याचे वर्णन केले. त्यात केशपेशींची एक आतली रांग (सुमारे ३,५०० पेशी) व तीन बाहेरच्या रांगा (सुमारे १२,०००) असतात. पेशीच्या माथ्यावरचे सूक्ष्म केस चढत्या उंचीचे असून शेजारच्या केसांची टोके प्रथिनांच्या बारीक धाग्यांनी जोडलेली असतात. पटल हलले की केस कलतात, धागे ताणले जातात आणि आयनमार्ग उघडतात. केसांभोवतीच्या द्रवात पोटॅशियम विपुल असते व त्याचे विद्युत विभव सुमारे +८० मिलिव्होल्ट असते; पेशीच्या आत ते ऋण असते. या फरकामुळे पोटॅशियम आत घुसते, पेशीच्या बुडाशी ग्लुटामेट स्रवते आणि श्रवणतंतूत संदेश उमटतो. अगदी मंद आवाजाला पटलाची हालचाल एक नॅनोमीटरही नसते.

संख्येने बाहेरच्या पेशी तिपटीहून जास्त असल्या, तरी श्रवणतंतूंपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक आतल्या रांगेलाच जोडलेले असतात. मग बाहेरच्या पेशी करतात काय? हे कोडे बराच काळ सुटले नव्हते. पटलावरून सरकणारी लाट गेओर्ग फॉन बेकेशी यांनी प्रत्यक्ष पाहिली व त्यासाठी त्यांना १९६१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पण त्यांचे बहुतेक निरीक्षण मृतांच्या कानांवरचे होते. त्या कानांतली लाट फार बोथट होती, जवळजवळच्या दोन स्वरांतला फरक तिच्यातून नीट उलगडत नव्हता. टॉमस गोल्ड यांनी १९४८ मध्येच सुचवले होते की जिवंत कर्णावर्त स्वतःची ऊर्जा खर्चून कंपन वाढवत असावे. तीस वर्षे त्याकडे फारसे कुणी पाहिले नाही. १९७८ मध्ये डेव्हिड केम्प यांना कानातून बाहेर येणारे क्षीण ध्वनी सापडले आणि गोल्ड यांच्या म्हणण्याला पुरावा मिळाला. पुढे उलगडले ते असे : बाहेरच्या पेशी विद्युत विभव बदलताच आखडतात व लांबतात आणि पटलाचे कंपन त्या त्या जागी वाढवतात. ही हालचाल घडवणारे प्रेस्टिन हे प्रथिन २००० मध्ये ओळखले गेले. कर्णावर्ताला नुसता ध्वनिग्राहक म्हणणे म्हणूनच अपुरे आहे. ते वर्धकही आहे.

या पेशी गेल्या की मंद आवाज हरवतातच, शिवाय स्वरांची निवडकताही जाते. ‘आवाज येतो, पण शब्द कळत नाही’ ही वयस्कांची तक्रार बऱ्याच अंशी यातूनच येते. बुडाकडच्या पेशी सहसा आधी मरतात; त्यामुळे स, श यांसारखी ऊष्म व्यंजने निसटू लागतात. मोठा गोंगाट, जेंटामायसिन गटातील प्रतिजैविके व सिस्प्लॅटिन हे कर्करोगावरील औषध यांनीही केशपेशी नष्ट होतात. पक्ष्यांत त्या पुन्हा उगवतात, माणसात नाही.

केम्प यांनी शोधलेल्या ध्वनींवर नवजात बालकांची श्रवणतपासणी आधारलेली आहे. झोपलेल्या बाळाच्या कानात छोटा प्रोब बसवून ती काही मिनिटांत उरकते. केशपेशी निकामी असूनही श्रवणचेता शाबूत असेल, तर कर्णावर्त-रोपणाने विद्युत्‌अग्रे थेट चेतातंतूंना उद्दीपित करतात. त्यांची मांडणीही बुडाकडे तीव्र, शेंड्याकडे खर्ज याच क्रमाने असते.