आकाशापासून उंदरापर्यंत

वाचकहो, नारायणगावजवळ खोडद येथील रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या तबकड्या आपण पाहिल्या असतील. ही दुर्बीण उभारणारे प्रा. गोविंद स्वरूप यांनी अमेरिकेत स्टॅनफर्ड येथे रोनाल्ड ब्रेसवेल यांच्या मार्गदर्शनाखाली डॉक्टरेट मिळविली. या ब्रेसवेल यांचे नाव वैद्यकाच्या इतिहासातही येते, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असेल.

१८९५ साली राँटगेन यांनी क्ष-किरण शोधले. त्यांनी हाड दिसू लागले; पण ती सावलीच. सावलीत पुढचे व मागचे एकमेकांवर पडते. निरनिराळ्या कोनांतून घेतलेल्या मोजमापांवरून मूळ चित्र पुन्हा कसे उभे करावे? आकाशाच्या अरुंद पट्ट्यांच्या नोंदींवरून नकाशा तयार करण्यासाठी ब्रेसवेल यांनी १९५६ साली याचे गणित मांडले. १९७१ साली जी. एन. रामचंद्रन व ए. व्ही. लक्ष्मीनारायणन या भारतीय शास्त्रज्ञांनी त्याची अधिक सुटसुटीत रीत प्रसिद्ध केली. त्याच वर्षी लंडनमध्ये हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे छेदचित्र घेतले. तेच आजचे सीटी स्कॅन होय.

सीटी शरीराची रचना दाखविते. त्यानंतर आलेले पेट स्कॅन किरणोत्सारी औषध कोठे साठले हे सांगते. म्हणजे पेशींचे कार्य दाखविते. पण एकाजवळ नकाशा आहे व हालचाल नाही. दुसऱ्याजवळ हालचाल आहे व नकाशा अस्पष्ट. १९९८ साली पिट्सबर्ग येथे टाउनसेंड व नट यांनी दोन्हींना एका यंत्रात आणले.

उंदराचे वजन जेमतेम २०-२५ ग्रॅम. माणसासाठी केलेल्या यंत्रात त्याचे अवयव एकमेकांत मिसळून जातात. म्हणून कॅलिफोर्नियात सायमन चेरी व सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात सुमारे २ मिलिमीटरपर्यंतचा भेद ओळखणारे छोटे पेट यंत्र तयार केले. पुढे त्यालाही सीटीची जोड मिळाली. भूल दिलेला उंदीर एकाच फळीवर निश्चल राहतो. त्यामुळे दोन्ही चित्रे एकावर एक नेमकी बसतात.

याचे महत्त्व काय? पूर्वी गाठ कशी वाढते हे पाहण्यासाठी दर टप्प्याला काही प्राणी मारून तपासावे लागत. आता तोच प्राणी आठवडेच्या आठवडे तपासता येतो. प्राणी कमी लागतात, आणि प्रत्येकाची तुलना त्याच्या स्वतःशीच होत असल्याने निष्कर्षही अधिक विश्वसनीय ठरतो. अर्थात वारंवार दिलेले किरण व भूल यांचाही परिणाम होतो. तेव्हा संशोधकाला संयम सुटलेला नाही. आपल्याकडे खारघरच्या ॲक्ट्रेक या कर्करोग संशोधन केंद्रात लहान प्राण्यांच्या प्रतिमा घेण्याची सोय आहे.

‘या गणिताचा उपयोग काय?’ असे आपला मुलगा किंवा मुलगी विचारील, तेव्हा हा इतिहास अवश्य सांगा. ताऱ्यांसाठी केलेला हिशेब एका मुक्या जिवाचे प्राण वाचवू शकतो, हे हिशेब करणाऱ्यालाही तेव्हा कोठे ठाऊक होते?