पावणेचार डॉलरची गिटार

जात्यावरची ओवी पहिल्यांदा कुणी म्हटली, असं आपण कधी विचारतो का? ‘पारंपरिक’ म्हणतो आणि मोकळ्या होतो. पण मैत्रिणींनो, ते शब्द कधीतरी कुणाच्या तरी तोंडून पहिल्यांदा निघालेले असतात. गाणं टिकतं, तिचं नाव तेवढं गळून पडतं. अमेरिकेतल्या एका मोलकरणीचंही नाव असंच गळालं होतं. पण ते तिच्या हयातीत परत मिळालं, म्हणून मला तिची हकीकत सांगावीशी वाटते.

एलिझाबेथ कॉटन यांचा जन्म १८९३ सालचा, नॉर्थ कॅरोलिना राज्यातल्या कारबरो गावचा. कृष्णवर्णीय कष्टकरी कुटुंब, घराजवळून आगगाडीचे रूळ गेलेले. भाऊ घरात नसला की ही पोर त्याचा बँजो गुपचूप वाजवायची. लहानपणीच शाळा सुटली, परक्या घरी काम करावं लागलं. त्या तुटपुंज्या पगारातून पैसे साठवून तिने पावणेचार डॉलरची गिटार घेतली.

ती डावखुरी होती आणि शिकवायला कुणी नव्हतं. तिने सरळ गिटार उलटी धरली, तारा मात्र बदलल्या नाहीत. इतरांचा अंगठा जाड तारांवर खर्ज देतो. हिचा अंगठा बारीक तारांवर चाल वाजवी आणि बोटं खर्ज सांभाळत. आज ही पद्धत तिच्याच आडनावाने ओळखली जाते. अकरा-बारा वर्षांच्या वयात तिने एक गाणं रचलं, ‘फ्रेट ट्रेन’, म्हणजे मालगाडी.

१९१० साली लग्न झालं, मुलगी झाली. चर्चमधल्या मंडळींनी सांगितलं, हे ऐहिक संगीत सोड. संसार, लोकांच्या घरची कामं आणि चर्च यांत गिटार मागे पडली, ती थोडीथोडकी नाही, जवळजवळ चाळीस वर्षं!

पुढे वॉशिंग्टनमधल्या एका मोठ्या दुकानात त्या नोकरीला होत्या. तिथे एक छोटी मुलगी हरवली, ती त्यांनी आईजवळ पोचवली. ती आई म्हणजे संगीतकार रूथ क्रॉफर्ड सीगर. या ओळखीतून कॉटनबाई सीगरांच्या घरी स्वयंपाकपाण्याला लागल्या. त्या घरात भिंतीवर गिटार टांगलेली असे. एक दिवस पेगी, तीच हरवलेली मुलगी, बघते तर काय, कामवाली बाई गिटार वाजवते आहे!

पेगी मोठी होऊन इंग्लंडला गेली, तिथे तिने ‘फ्रेट ट्रेन’ गायलं. १९५७ मध्ये तिथल्या एका गटाची रेकॉर्ड निघाली आणि गाजली. पण गीतकार म्हणून हक्क नोंदवले गेले ते दोन इंग्रज पुरुषांच्या नावे. ज्या गाण्याचा कागद नाही, ते गाणं बेवारस, असाच हिशेब! सीगर कुटुंबाने पाठपुरावा केला, तेव्हा कुठे त्या गाण्याला कॉटनबाईंचं नाव लागलं.

पेगीचा भाऊ माईक याने त्यांची गाणी त्यांच्या घरीच ध्वनिमुद्रित केली. १९५८ मध्ये पहिली रेकॉर्ड आली. १९६० साली, सदुसष्टाव्या वर्षी, त्या पहिल्यांदा तिकीट काढून आलेल्या श्रोत्यांसमोर बसल्या. तरी घरकाम लगेच सुटलं नाही. ‘शेक शुगरी’ हे गाणं त्यांनी पतवंडांच्या साथीने रचलं आणि रेकॉर्डवर ते गायली बारा वर्षांची पणती. दाद घेताना त्या लेकरांना विसरल्या नाहीत, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

गाण्याच्या कमाईतून त्यांनी सिरॅक्यूज शहरात स्वतःचं घर घेतलं. १९८५ मध्ये, बाण्णवाव्या वर्षी, ग्रॅमी पुरस्कार मिळाला. १९८७ साली त्या गेल्या.

चाळीस वर्षं वाद्याशिवाय राहूनही गाणं मनात जिवंत राहतं, हे आपल्याला नवं नाही. आपल्या आज्यांनी हेच केलं. पण नाव आपोआप जिवंत राहत नाही. त्यासाठी कुणीतरी उभं राहावं लागतं. माझ्या वहीत डोहाळजेवणाची, पाळण्याची गाणी आहेत. हल्ली प्रत्येक गाण्याखाली, ते जिच्या तोंडून ऐकलं तिचं नाव आणि गाव मी लिहिते. तुमच्याही घरात अशी एखादी वही असेल, तर पेन हाताशी ठेवा.