राणी आणि वजीर

बुद्धिबळात राजाशेजारी राणी का नाही, असं पुष्कळ जणी मला विचारतात. आपल्याकडे तिथं वजीर बसतो. हा खेळ भारतात जन्मला तो चतुरंग म्हणून. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ असं अख्खं सैन्यच पटावर. राजाजवळ असायचा त्याचा मंत्री. खेळ इराणात गेला, तिथं मंत्र्याला फर्जीन म्हणू लागले. पुढं अरबांकडून तो युरोपात पोचला आणि इ. स. १०००च्या सुमारास तिकडं मंत्र्याच्या जागी राणी आली. पण तिची चाल केवढी? एकच घर, तेही तिरकं! पंधराव्या शतकाच्या अखेरीस मात्र तीच पटावरचा सर्वांत बलवान मोहरा झाली.

पटावर राणी आली, तरी पटासमोर बसायला बाईला झगडावंच लागलं. १९७६ साली मुंबईच्या रोहिणी खाडिलकर अवघ्या १३व्या वर्षी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या. केवढा गदारोळ झाला! उच्च न्यायालयात दाद मागावी लागली. शेवटी जागतिक संघटनेचे अध्यक्ष मॅक्स युवे यांनी निर्णय दिला, की अशा स्पर्धांत बायकांना मज्जाव करता येणार नाही. १९८१ साली हैदराबादेत रोहिणीताई आशियाई महिला विजेत्या झाल्या. २०२५मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखनं महिलांचा विश्वचषक जिंकला.

आपला वजीर वजीरच राहू दे, माझी काही तक्रार नाही. फक्त सुट्टीत नातवासाठी पट काढाल ना, तेव्हा नातीलाही हाक मारा.