हार घालणाऱ्यांची यादी

२१ मे १९९१ च्या रात्री दहा वाजून वीस मिनिटांच्या सुमारास श्रीपेरुंबुदूर येथील प्रचारसभेत स्फोट झाला. त्यात राजीव गांधी गेले. धूर ओसरल्यावर पोलिसांना मृतांमध्ये हरिबाबू नावाचा एक तरुण छायाचित्रकार सापडला. त्याच्याजवळचा चिनॉन बनावटीचा कॅमेरा मात्र शाबूत होता. तो त्याने ओळखीच्या एका व्यावसायिकाकडून उसना आणलेला. रोलवर दहा छायाचित्रे निघाली.

त्यांतले एक छायाचित्र पुढे देशभर छापून आले. हिरव्या-नारिंगी सलवार-कमीजमधली, चष्मा लावलेली, केसांत फुले माळलेली एक तरुणी हातात चंदनाचा हार धरून उभी आहे. शेजारी काँग्रेसची एक कार्यकर्ती आणि राजीवजींना कविता म्हणून दाखवायला आलेली तिची मुलगी. कडेला पांढऱ्या कुर्ता-पायजम्यातला, हातात वही घेतलेला एक माणूस, बघणाऱ्याला पत्रकार वाटावा असा. तरुणी म्हणजे धनू. वहीवाला म्हणजे शिवरासन, श्रीलंकेतल्या एलटीटीई या तमिळ बंडखोर संघटनेचा या कटातला सूत्रधार. मायलेकी दोघीही त्या रात्री वाचल्या नाहीत.

या प्रकरणाचे कागद भरपूर आहेत. न्या. जे. एस. वर्मा आयोगाचा अहवाल, न्या. मिलापचंद जैन आयोगाचे अहवाल, पूनमल्लीच्या विशेष न्यायालयापुढच्या २८८ साक्षी, २८ जानेवारी १९९८ चा निकाल, ११ मे १९९९ चे सर्वोच्च न्यायालयाचे निकालपत्र. शिवाय जप्त केलेली पत्रे, पावत्या, बिनतारी संदेश. पण अहवालांतली आणि साक्षींतली जवळजवळ प्रत्येक ओळ घटनेनंतरची आहे. ती बोलणाऱ्यावर कर्तव्यात कसूर केल्याचा किंवा कटात सामील असल्याचा ठपका येऊ शकत होता, त्यामुळे शब्द मोजून मापून आले आहेत. छायाचित्रांचे तसे नाही. स्फोटाआधीच्या त्या मैदानाची ती सर्वांत निर्लेप नोंद आहे, आणि ती मारेकऱ्यांनीच आपल्या वरिष्ठांना दाखवण्यासाठी काढवून घेतली होती. आपल्या कारवायांचे चित्रण करून ठेवायची एलटीटीईची रीतच होती.

कबुलीजबाबांबद्दल तर अधिकच सावध राहावे लागते. टाडा या दहशतवादविरोधी कायद्याखाली पोलीस अधीक्षकापुढे दिलेला जबाब पुरावा म्हणून चालत असे. हे कृत्य टाडाच्या व्याख्येतला दहशतवाद नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, तरी जबाब मात्र ग्राह्य धरले. २६ जणांना झालेल्या फाशीपैकी चौघांचीच कायम राहिली. त्यांतल्या पेरारिवलनचा जबाब नोंदवून घेणाऱ्या सीबीआय अधिकाऱ्याने निवृत्तीनंतर, २०१३ मध्ये, जाहीरपणे सांगितले की बॉम्बसाठी लागलेल्या नऊ व्होल्टच्या बॅटऱ्या कशासाठी आणायला सांगितल्या हे आपल्याला ठाऊक नव्हते, असे तो म्हणाला होता. ते वाक्य आपण जबाबात घेतले नाही, हेही त्या अधिकाऱ्यानेच सांगितले. २०२२ मध्ये पेरारिवलन सुटला, आणि त्याच वर्षी या खटल्यात शिक्षा भोगत असलेले उरलेले सहा जणही. म्हणून या लेखात कोणाच्या मनात काय होते याचा आधार जबाबांवर ठेवलेला नाही. माणसे कुठे होती, कधी पोचली, कोणाच्या किती जवळ गेली, एवढेच त्यांतून घेतले आहे.

आता मागे जाऊ. इंदिरा गांधींना त्यांच्याच रक्षकांनी मारल्यावर १९८५ मध्ये विशेष सुरक्षा दल, म्हणजे एसपीजी, उभे राहिले. १९८८ मध्ये त्यासाठी कायदा झाला. कायद्याने संरक्षण दिले ते पंतप्रधानांना आणि त्यांच्या निकटच्या कुटुंबीयांना. माजी पंतप्रधान हा शब्द त्यात नव्हता. कायदा करणारे सरकार राजीव गांधींचेच होते. आपण उद्या माजी होऊ, हा विचार तेव्हा ४०० हून अधिक खासदारांच्या त्या पक्षात कोणाला शिवला नसावा. डिसेंबर १९८९ मध्ये ते पायउतार झाले आणि १९९० च्या सुरुवातीला विश्वनाथ प्रताप सिंग सरकारने त्यांचे एसपीजी संरक्षण काढले.

या निर्णयावर वर्मा आयोगाचा आक्षेप नेमका आहे. दल काढले म्हणून नव्हे, तर त्याच्या तोडीची दुसरी व्यवस्था उभी न करता काढले म्हणून. धोका पदाला होता की माणसाला, हा खरा प्रश्न. सुवर्णमंदिरातील कारवाईनंतरचे वैर, श्रीलंकेत शांतिसेना पाठवल्यानंतरचे वैर, यांतले काहीही खुर्चीबरोबर दुसऱ्याकडे गेले नव्हते. तरी संरक्षण खुर्चीला बांधलेले राहिले. नोव्हेंबर १९९० मध्ये चंद्रशेखर यांचे सरकार आले, तेही काँग्रेसच्याच पाठिंब्यावर; फरक पडला नाही. पुढे राजीव गांधींच्या १० जनपथ या निवासस्थानाबाहेर हरियाणा पोलिसांचे दोन शिपाई टेहळणी करताना सापडले, काँग्रेसने त्यावरून रान उठवले आणि ६ मार्च १९९१ ला चंद्रशेखरांनी राजीनामा दिला. राजीव गांधींवर नजर ठेवली जाते यावरून सरकार गेले. त्यांच्यावर पुरेसे लक्ष नाही, हा मुद्दा मात्र त्या तोडीने कोणी लावून धरल्याचे दिसत नाही.

एसपीजी असते तर ते वाचले असते का? छातीठोकपणे सांगता येणार नाही. २ ऑक्टोबर १९८६ ला राजघाटावर झुडपात लपलेल्या माणसाने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या, तेव्हा हेच दल सोबत होते. पण श्रीपेरुंबुदूरला जे घडले ते लांबून झालेले नव्हते. अनोळखी व्यक्ती तपासणीशिवाय हाताच्या अंतरावर पोचली, आणि नेमके तेच अंतर राखणे हे त्या दलाचे रोजचे काम होते.

तमिळनाडूची हवाही लक्षात घ्यायला हवी. १९ जून १९९० ला मद्रासच्या कोडंबाक्कम भागात एलटीटीईच्या लोकांनी ईपीआरएलएफ या प्रतिस्पर्धी श्रीलंकन तमिळ संघटनेचे नेते पद्मनाभ यांना सहकाऱ्यांसह मारले आणि मारेकरी सुखरूप निसटले. त्यात शिवरासनही होता. ३० जानेवारी १९९१ ला द्रमुक सरकार बरखास्त होऊन राष्ट्रपती राजवट आली. म्हणजे २१ मे रोजी राज्याच्या पोलिसांवरही दिल्लीचाच अंमल होता. दोष केंद्राचा की राज्याचा, असा पुढे रंगलेला वाद त्या तारखेपुरता तरी अर्धा पोकळ आहे.

मे महिन्यातल्या कागदांत माझ्या मते सर्वांत बोलका पुरावा ७ तारखेचा आहे. त्या रात्री मद्रासच्या नंदनम भागात विश्वनाथ प्रताप सिंग यांची सभा झाली आणि धनू व तिची साथीदार शुभा हार घेऊन तिथे गेल्या. बॉम्ब नव्हता; जवळ जाता येते का, एवढेच पाहायचे होते. जाता आले. ९ मेच्या तारखेची त्या दोघींची एलटीटीईच्या गुप्तचर विभागातल्या वरिष्ठांना लिहिलेली पत्रे पुढे तपासात हाती आली. त्यांत हुरूप वाढल्याचा सूर आहे. शिवरासनचे सांकेतिक बिनतारी संदेशही जाफन्याकडे जात होते. त्यांचा उलगडा झाला तो हत्येनंतर. एका माजी पंतप्रधानाच्या सभेत दोन अनोळखी मुली पुढे घुसतात, हार घालायला धडपडतात, आणि यात कोणालाही वावगे वाटत नाही. वाटणार कसे? आपल्याकडच्या सभांचा तो नेम आहे. पुढाऱ्याला हार घालायला कोणी पुढे सरसावले नाही, तरच आयोजकांच्या पोटात गोळा येतो. कट रचणाऱ्यांनी पोलिसांचा अभ्यास केला असेल-नसेल, आपल्या हारतुऱ्यांचा मात्र नीट केला होता.

२१ मे, मंगळवार. मतदानाचा पहिला टप्पा आदल्याच दिवशी पार पडलेला. राजीव गांधी विशाखापट्टणमहून निघणार, तर विमानात बिघाड. आता मुक्काम इथेच, असे जवळजवळ ठरले; इतक्यात दुरुस्ती झाली आणि ते स्वतः विमान चालवत मद्रासला आले. श्रीपेरुंबुदूरच्या उमेदवार मरगतम चंद्रशेखर यांच्यासाठी सभा होती. वाटेत पोरूर, पूनमल्ली इथे थांबणे झाले. गाडीत नीना गोपाल आणि बार्बरा क्रॉसेट या दोन पत्रकार मुलाखत घेत होत्या. १९८९ च्या पराभवानंतर राजीव गांधींवर आक्षेप होता तो लोकांपासून तुटल्याचा, पहाऱ्याच्या भिंतीआड राहिल्याचा. या प्रचारात ती भिंत त्यांनी स्वतःच बाजूला सारली होती. खिडकीची काच खाली, हात बाहेर.

मारेकरी मात्र वेळेवर पोचले होते. शिवरासन, शुभा, धनू, त्यांची साथीदार नलिनी आणि हरिबाबू पॅरीज कॉर्नरहून बसने आले. चंदनाचा हार त्याच दिवशी पूम्पुहार या सरकारी हस्तकला दुकानातून घेतलेला. त्याची पावती पुढे हरिबाबूच्या घरझडतीत मिळाली. मैदान देवळाच्या जमिनीचे होते. बांबूचे कठडे, मंचाकडे जाणारा लाल गालिचा, बायकांसाठी वेगळी जागा. बंदोबस्ताची सूत्रे पोलीस महानिरीक्षक आर. के. राघवन यांच्याकडे.

हार घालणाऱ्यांची यादी तयार होती. आयोजकांनी नावे दिलेली, पोलिसांनी माणसे तपासलेली. धनूचे नाव त्यात नव्हते. अनसूया या महिला फौजदाराचे लक्ष तिच्याकडे गेले. साक्षीत त्या सांगतात की त्यांनी विचारणा केली, तेव्हा हरिबाबूनेच उत्तर दिले: ही हार घालणार आहे आणि मी फोटो काढणार आहे. अनसूयांनी त्यांना मागे सारले. यंत्रणा इथपर्यंत चालली, हे नोंदवायला हवे. यादी होती, यादीबाहेरची व्यक्ती हेरली गेली, हटकली गेली. फक्त ती मैदानाबाहेर काढली गेली नाही, आणि तिची झडतीही झाली नाही. सुमारे दोन तास वाट पाहत असलेल्या गर्दीत मागे सारलेला माणूस पुन्हा पुढे यायला कितीसा वेळ लागतो?

दहाच्या पुढे राजीव गांधी आले. गालिच्यावरून मंचाकडे जाताना हार, शाली, हस्तांदोलने. त्या मुलीने कविता म्हटली. धनू पुढे आली तेव्हा आपण तिला अडवले, पण राजीवजींनीच येऊ द्या म्हणून थांबवले, असे अनसूया पुढे मुलाखतींतून सांगत आल्या. त्या जखमी होऊन वाचल्या, म्हणून हे सांगायला कोणीतरी उरले. धनूने हार घातला आणि पाया पडायला वाकली. कमरेच्या पट्ट्यात आरडीएक्स आणि दोन मिलिमीटरच्या हजारो पोलादी गोळ्या होत्या. हरिबाबूचे शेवटचे छायाचित्र म्हणजे आगीचा लोळ.

राजीव गांधी आणि धनू यांच्याखेरीज किमान १४ जण मेले. त्यांत जिल्ह्याचे पोलीस अधीक्षक महंमद इक्बाल होते, निकटचे सुरक्षा अधिकारी प्रदीप गुप्ता होते. बंदोबस्त ढिला होता हे खरे असले, तरी बंदोबस्तातली माणसे जागा सोडून गेली नव्हती. राजीव गांधींची ओळख पटवायला काँग्रेसच्या जयंती नटराजन यांना पायांतल्या बुटांचा आधार घ्यावा लागला.

तपास डी. आर. कार्तिकेयन यांच्या विशेष पथकाकडे गेला आणि त्या दहा छायाचित्रांच्या धाग्याने वेगाने पुढे सरकला. ऑगस्टमध्ये बेंगळुरूजवळच्या कोणनकुंटे इथे घेराव पडल्यावर शिवरासन, शुभा आणि त्यांच्या पाच साथीदारांनी जीव दिला. गुन्हा कोणी केला, याचे उत्तर असे तीन महिन्यांत हाताशी आले.

होऊ कसा दिला, हे ठरवायला २७ मे १९९१ ला नेमलेल्या वर्मा आयोगाला वर्षभर लागले. १२ जून १९९२ च्या अहवालात केंद्र सरकार, गुप्तवार्ता विभाग, राज्याचे पोलीस आणि काँग्रेसचे लोक, असे चौघांवर बोट आहे. शेवटचे नाव पक्षाला झोंबणारे होते, पण छायाचित्र समोर असताना ते टाळणे अवघड होते. हार घालू इच्छिणाऱ्यांना पुढे आणायची घाई पक्षाच्याच लोकांना असते, आणि पोलीस अशा वेळी सहसा पडते घेतात. कट कोणाचा, हे शोधणाऱ्या जैन आयोगाने याहून मोठी राजकीय खळबळ माजवली. १९९७ मध्ये त्याचा अंतरिम अहवाल फुटला आणि गुजराल सरकार पडले. बंदोबस्ताच्या चुकांवरून मात्र सरकार सोडा, वरच्या फळीतल्या कोणाची कारकीर्दही संपली असे दिसत नाही. राघवन १९९९ मध्ये सीबीआयचे संचालक झाले.

मरगतम चंद्रशेखर निवडून आल्या. नरसिंह राव पंतप्रधान झाले, शंकरराव चव्हाण गृहमंत्री. सप्टेंबर १९९१ मध्ये एसपीजी कायद्यात माजी पंतप्रधान आणि त्यांचे कुटुंबीय यांचा समावेश झाला, पाच वर्षांच्या मुदतीसह. आयोगाचा अहवाल यायला तेव्हा नऊ महिने बाकी होते. ती मुदत पुढे वाढली, अटी बदलत गेल्या, आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये सोनिया, राहुल आणि प्रियांका यांचे एसपीजी संरक्षण काढण्यात आले. या वेळी पर्यायी व्यवस्था त्याच आदेशाबरोबर जाहीर झाली: केंद्रीय राखीव पोलीस दल, झेड प्लस.