वालचंद हिराचंद आणि मोडीचे पोलाद

शेठ वालचंद हिराचंद (१८८२–१९५३) यांच्या कार्याचा विचार करताना अभ्यासकांची दृष्टी बहुधा आरंभांवर खिळते. जहाज कंपनी, विमानांचा कारखाना, नौकाबांधणी व मोटारी या उद्योगांचा मुहूर्त कोणत्या वर्षी झाला, हे आपल्या ग्रंथांतून तपशीलाने नोंदलेले आढळते. परंतु त्या उद्योगांत वापरल्या गेलेल्या पोलादाचे अखेरीस काय झाले, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. प्रस्तुत टिपणात या दुसऱ्या बाजूचा थोडक्यात परामर्श घ्यावयाचा आहे.

सोलापुरात जन्मलेल्या वालचंदांनी लक्ष्मणराव फाटक यांच्या भागीदारीत रेल्वेच्या कंत्राटांपासून सुरुवात केली. खनिजापासून पोलाद करणारा कारखाना त्यांनी कधी काढला नाही. तथापि त्यांचा जवळजवळ प्रत्येक उद्योग पोलादाचा ग्राहक होता. १९१९ साली त्यांनी नरोत्तम मोरारजी प्रभृतींच्या साहाय्याने सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी स्थापन केली, ती एका जुन्या जहाजाच्या बळावर. ‘लॉयल्टी’ हे ते जहाज इंग्लंडात १८९० साली ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ या नावाने जलावतरण पावले. प्रशांत महासागरात उतारूंची ने-आण करून ते पहिल्या महायुद्धाच्या काळात रुग्णनौका बनले होते. ५ एप्रिल १९१९ रोजी ते मुंबईहून लंडनला निघाले. याच दिवसाच्या स्मरणार्थ १९६४ पासून ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो.

या प्रसिद्ध सफरीनंतर चारच वर्षांनी, १९२३ मध्ये, ‘लॉयल्टी’ मोडीत निघाली आणि मुंबईतच तिची तोडणी झाली. वयाने तीस वर्षांहून अधिक आणि मूळची उतारूंसाठी बांधलेली ही नौका मालवाहतुकीस परवडण्याजोगी नव्हती. त्याच वर्षी सिंदिया कंपनीला ब्रिटिश जहाज कंपन्यांशी करार करून आपल्या जहाजांच्या संख्येवर व मार्गांवर मर्यादा पत्कराव्या लागल्या. त्यामुळे इतिहासकारांनी या घटनेकडे केवळ अपयश म्हणून पाहिले. परंतु भंगाराच्या व्यापाऱ्याच्या लेखी ती हजारो टन वजनाच्या वस्तूची खरेदी होती. जहाजाच्या सपाट पत्र्याला मोडीच्या बाजारात विशेष मोल असते, कारण तो पुन्हा वितळवावा लागतोच असे नाही. पट्ट्या कापून, तापवून व लाटून त्यांच्यापासून सळया आणि पट्ट्या तयार करता येतात. वेड्यावाकड्या, निरनिराळ्या जातींच्या मोडीला मात्र भट्टीची वाट धरावी लागते. मोडीचा भाव म्हणूनच केवळ वजनावर न ठरता निवडीवर ठरतो. बीड निराळे, पोलाद निराळे आणि तांब्याची तार त्याहून निराळी काढावी लागते. पोलादात मिसळलेले तांबे भट्टीत निघून जात नाही व पुढील मालास ठिसूळ करते.

हेच चक्र इंदापूर तालुक्यातील वालचंदनगर येथे लहान प्रमाणावर पाहावयास मिळते. नीरेच्या डाव्या कालव्याच्या पाण्यावर, कळंब गावालगतच्या माळरानावर, मार्सलँड प्राइस कंपनीच्या नावाने ऊसमळे उभे राहिले. १९३२ च्या साखर संरक्षण कायद्यानंतर त्यांना साखर कारखान्याची जोड मिळाली. साखर कारखाना हा लोखंडाचा मोठा भक्षक असतो. उसाच्या गाळपाने चरकाच्या बिडाच्या लाटांचे दात झिजतात. त्या पुन्हा कातून घ्याव्या लागतात, आणि अखेर त्यांचे कवच मोडीत जाते. हंगामाबरहुकूम चालणाऱ्या अशा कारखान्यास स्वतःची यंत्रशाळा अपरिहार्य ठरते. स्वातंत्र्योत्तर काळात वालचंदनगर साखरयंत्रांच्या निर्मितीकडे वळले. पुढे सिमेंटची यंत्रसामग्री, तसेच अणुशक्ती आणि अवकाश संशोधन यांसाठी लागणारी अवजड साधने तेथे तयार होऊ लागली. खेड्याच्या माळावर यंत्रविद्या रुजली ती अशा रीतीने.

वालचंदांच्या मोटार उद्योगाचा शेवटही याच बाजारात झाला. १९४४ साली स्थापन झालेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यातून निघालेली ‘पद्मिनी’ मुंबईच्या टॅक्सीचे प्रतीक बनली. टॅक्सीस वीस वर्षांची वयोमर्यादा असल्याने ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदलेली अखेरची पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. ‘लॉयल्टी’च्या तोडणीस त्या वर्षी बरोबर शंभर वर्षे झाली होती.

या शतकात मोडीच्या व्यापाराचे स्वरूप पालटले. जहाजतोडणीचे प्रमुख केंद्र मुंबईच्या दारूखान्याहून १९८३ पासून गुजरातेतील अलंग येथे गेले. मराठवाड्यातील जालना येथे मोड वितळवून सळया करणारे कारखाने उभे राहिले. २०१९ साली केंद्र सरकारने पोलादी मोडीच्या पुनर्वापराचे धोरण जाहीर केले. एक टन मोड वापरल्यास सुमारे १.४ टन लोहखनिज व ७४० किलो कोळसा वाचतो, असा जागतिक पोलाद उद्योगाचा हिशेब आहे. पूर्वी जे कंगाल कारखानदाराचे साधन मानले जाई, ते आता राष्ट्रीय नीतीचा विषय झाले आहे.

यावरून एक निष्कर्ष काढता येतो. वालचंदांच्या उद्योगाचा पाया एका जुन्या जहाजावर होता, आणि ते जहाज मोडीत गेल्याने उद्योग बुडाला नाही. सिंदिया कंपनी टिकली आणि १४ मार्च १९४८ रोजी विशाखापट्टणम येथील तिच्या गोदीतून ‘जलउषा’ पाण्यात उतरली. जुन्या वस्तूची किंमत ओळखणे हे भांडवल कमी असलेल्या देशात उद्योगकौशल्यच होय. मात्र या कथेत एक उणीव उरते. ‘लॉयल्टी’ विकत घेणाऱ्यांची नावे ग्रंथांत आहेत. तिचे पत्रे कापून वेगळे करणाऱ्या मजुरांची नाहीत. आपला औद्योगिक इतिहास पूर्ण व्हावयाचा तर मुहूर्ताच्या नारळाबरोबर मोडीच्या काट्यावरील नोंदीही अभ्यासकांनी वाचल्या पाहिजेत.